बोट लागत नाही

आमच्या वस्तीत एक आजी एकटीच राहते. मागच्या महिन्यात रेशन दुकानातल्या यंत्रावर तिने चार वेळा अंगठा टेकवला. एकदा पदराला पुसून, एकदा केसांवरून फिरवून, दोनदा जोर लावून. शेवटी दुकानदार म्हणाला, "आजी, तुमचं बोट लागत नाही." पाच किलो धान्याचा तिचा हक्क, आणि ती रिकामी पिशवी घेऊन परतली.

असे का होते? बोटावरच्या बारीक रेषा कुठे संपतात, कुठे फुटतात, त्या जागा यंत्र टिपते आणि आधार काढतानाच्या ठशाशी ताडून पाहते. आजीने उभा जन्म बिगारीकाम केले. ओले सिमेंट कातडी खाते, विटांनी बोटे घासतात, धुण्याभांड्यांचा सोडा उरलेले काम करतो. वयाने कातडी कोरडी पडते ती वेगळीच. म्हणजे ज्याने आयुष्यभर हाताने कष्ट केले, त्याचाच हात यंत्राला ओळखू येत नाही!

मी यंत्राच्या विरोधात नाही. वहीत आपल्या नावावर धान्य खपवून "माल आला नाही" म्हणणारे दुकानदार आपण पाहिले आहेत. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला आज दुसऱ्या गावीही त्याच कार्डावर धान्य उचलता येते, तेही या यंत्रामुळेच. देशातले पहिले आधार तर २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. पण यंत्राची चूक माणसाच्या ताटात का यावी?

नियमही तसे सांगत नाही. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्राने सर्व राज्यांना कळवले आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ठसा न जुळल्याने कुणी लाभापासून वंचित राहू नये, हीच काळजी घ्यायला सांगितले. मोबाईलवर येणाऱ्या आकड्याने ओळख पटवण्याची सोय आहे. मात्र आधारला जोडलेला नंबर चालू हवा. आजीने दिला होता नातवाचा, तो केव्हाच बंद पडला. कार्डावर नाव असलेल्या घरातल्या कुणाचाही अंगठा चालतो, पण तिच्या कार्डावर दुसरे नावच नाही.

या महिन्यात मी तिच्यासोबत गेले. आधार काढताना दहाही बोटांचे ठसे घेतात, त्यामुळे अंगठ्याचाच हट्ट नको, हे दुकानदाराला सांगावे लागले. तो कुरकुरला, रांगही कुरकुरली. आठ बोटे झाली. नवव्या वेळी डावी करंगळी लागली.

"हिनं कधी घमेलं उचललं न्हाई," आजी म्हणाली, आणि पिशवी पुढे केली.