उंदरांची साक्ष

अन्नात कीटकनाशकाचा अंश किती असला तर चालेल, या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी प्रयोगशाळेतील उंदीर देतात. वेगवेगळ्या मात्रा खाद्यातून देऊन त्यांची प्रजननक्षमता, गर्भ व पिले दोन पिढ्यांपर्यंत तपासली जातात. ज्या मात्रेपर्यंत अपाय दिसत नाही, तिला सामान्यतः १०० ने भागून माणसासाठी दैनंदिन मर्यादा ठरते. उंदीर व माणूस यांतील फरकासाठी दहापट आणि माणसामाणसांतील फरकासाठी पुन्हा दहापट, असा हा हिशेब आहे. ही पद्धत निर्दोष नाही. मुक्या प्राण्यांचे हालही नाकारता येणार नाहीत. परंतु खरा प्रश्न त्यापुढचा आहे. ही साक्ष ऐकतो कोण?

अमेरिकेतील 'डीबीसीपी' या रसायनाचा इतिहास याबाबतीत उद्बोधक आहे. पिकांच्या मुळांवरील सूत्रकृमी मारण्यासाठी ते जमिनीत घातले जाई. त्याच्या वाफेने उंदरांचे वृषण आकसतात, हे उत्पादकांशी संबंधित संशोधकांनीच १९६१ साली प्रसिद्ध केले होते. तरीही विक्री चालू राहिली. १९७७ साली कॅलिफोर्नियातील एका कारखान्यातील कामगारांच्या ध्यानात आले की, आपल्यापैकी अनेकांना मूल होत नाही. तपासणीत कित्येकांच्या वीर्यात शुक्रजंतू अत्यल्प आढळले, काहींच्या मुळीच आढळले नाहीत. १९७९ साली हवाईतील अननसाचा अपवाद सोडून तेथील वापर थांबविण्यात आला. पण तोवर ते रसायन शेतांतून पिण्याच्या विहिरींत उतरले होते.

मधली १६ वर्षे अज्ञानाची नव्हती. नफा उत्पादकांच्या वहीत जमा झाला. तोटा मात्र ज्यांना कोणी विचारलेच नव्हते, त्यांच्या संसारात खर्ची पडला. बाजारभावात असा तोटा दिसत नाही, म्हणूनच तो शासनाने दाखवावा लागतो.

आपल्याकडे १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार नोंदणीसाठी विषारीपणाची माहिती अर्जदारच सादर करतो. परीक्षेचा खर्च परीक्षार्थ्याने सोसावा, यात गैर काही नाही; उत्तरपत्रिका मात्र सर्वांना पाहता आली पाहिजे. शास्त्रीय नियतकालिकात छापून येणे म्हणजे लोकांना कळणे नव्हे. म्हणून अन्नातील प्रत्येक मर्यादेसोबत तिच्यामागील चाचण्यांचे निष्कर्ष लोकभाषांतून प्रसिद्ध व्हावेत, आणि प्रतिकूल निष्कर्ष आल्यास ठराविक मुदतीत फेरविचार बंधनकारक असावा. प्राण्यांचा बळी घ्यायचा आणि त्यांनी दिलेला इशारा कपाटात ठेवायचा, हा प्राण्यांवर आणि माणसांवर, दोघांवरही अन्याय आहे.