बोट लागते म्हणून मुलाला घरी ठेवू नका



यंदाची सहल हजिऱ्याहून रो-पॅक्स जहाजाने घोघ्याला आणि तेथून भावनगरला न्यायची असे ठरल्यापासून कार्यालयात चिठ्ठ्या येऊ लागल्या आहेत. "मुलीला गाडी लागते, तरी तिचे नाव कमी करावे." "मुलास उलट्या होतात, सबब नेऊ नये." अशा अकरा चिठ्ठ्या माझ्या टेबलावर आहेत. शिक्षकांच्या बैठकीतही एक सूचना आली की अशी मुले वगळली तर सहल सुरळीत होईल. पालकसभेत याच्या उलट सूचना आली : जहाजावर चढताना सर्वांनाच एकेक गोळी देऊन टाका. मला या दोन्ही सूचना मान्य नाहीत आणि त्याचे कारण सर्वांसमोर मांडावे म्हणून हा लेख.

कतारगाममध्ये राहणाऱ्यांना ही फेरी नवीन नाही. हिऱ्याच्या कारखान्यांत काम करणारे आपले काठियावाडी शेजारी दिवाळीला याच जहाजाने गावी जातात. नोव्हेंबर 2020 मध्ये ही सेवा सुरू झाली. रस्त्याने सुमारे 370 किलोमीटरचा वळसा आणि दहा-बारा तास, तर समुद्रातून 90 किलोमीटर आणि साधारण चार तास. ट्रक, मोटारी, माणसे सर्व एकाच जहाजावर. शेजारच्या मुलांकडून आपल्या मुलांनी हे सारे ऐकलेले आहे. आपल्यापैकी बहुतेक घरे मात्र धुळे, जळगाव, नंदुरबारकडची. तापीच्या काठची माणसे आपण, पण तीच तापी हजिऱ्याजवळ समुद्राला मिळते ते कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलेले नाही. ज्या मुलाचे आजोबा-पणजोबा कधी जहाजात बसले नाहीत, त्याला ही संधी केवळ पोट ढवळेल या भीतीने नाकारायची, हे मला पटत नाही.

माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'जी मिचलाना' म्हणतात, म्हणजे दोष जिवाकडे. मराठीत आपण म्हणतो, 'बोट लागली'. ऊन लागावे तशी बोट लागते. त्यात मुलाचा अपराध काही नाही. तरीही उलटी झालेल्या मुलाला आपण "एवढंही सहन होत नाही का?" असे विचारतोच.

वास्तविक हा नाजूकपणा नाही. आपल्या कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल कळण्याची योजना आहे. त्यात द्रव भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. जहाज डोलते तेव्हा कान मेंदूला सांगतो की आपण हलत आहोत. मूल केबिनमध्ये मोबाइलमध्ये डोके घालून बसलेले असेल तर डोळे सांगतात की सर्व स्थिर आहे. या दोन बातम्या जुळल्या नाहीत की घाम, जांभया, लाळ सुटणे, मळमळ आणि मग उलटी. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही, साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतो. म्हणजे नेमकी आपल्या शाळेची वये. चार्ल्स डार्विन 1831 ते 1836 बीगल जहाजावर होते आणि शेवटपर्यंत त्यांना बोट लागत राहिली. उलट गांधीजी 1888 साली विलायतेला निघाले तेव्हा त्यांना बोट अजिबात लागली नाही, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. (त्याच वर्षी ते भावनगरच्या सामळदास कॉलेजात शिकत होते. मुलांना ते कॉलेज दाखवण्याचा विचार आहे.) यावरून कोणाची योग्यता ठरत नाही.

आता माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलांना गेटवेहून लाँचने घारापुरीला नेले होते. गाडी लागणारी पाच-सहा मुले मला ठाऊक होती. इतरांचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून मी त्यांना अगदी मागे बसवले. तेथे इंजिनाचा धूर, डिझेलचा वास, शिवाय टोकाला हेलकावा अधिक. घरापासून चांगला असलेला एक मुलगाही त्यात आडवा झाला. परतताना मुलांनी त्याला एक नाव पाडले आणि ते नाव दहावीपर्यंत त्याला चिकटले. पुढच्या एकाही सहलीला तो आला नाही. दरवेळी घरी काहीतरी काम निघायचे. मला हे फार उशिरा कळले.

त्यामुळे यावेळी जागा मी स्वतः ठरवणार आहे. ज्यांना त्रास होतो ते जहाजाच्या मध्यभागी बसतील, कारण तेथे हेलकावा सर्वांत कमी असतो. पुढचे व मागचे टोक नाही. तोंड जहाजाच्या दिशेने आणि खिडकीतून क्षितिज दिसेल अशी जागा. क्षितिज हलत नाही, म्हणून त्याकडे पाहिले की डोळे आणि कान यांचे भांडण कमी होते. पुस्तक, मोबाइल, व्हिडिओ गेम पूर्ण बंद. फारच झाले तर आडवे पडून डोळे मिटायचे. हिवाळ्यात समुद्र पावसाळ्यापेक्षा पुष्कळ शांत असतो, म्हणून सहल जानेवारीत ठेवली आहे. तरी खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक भावनगरजवळ दहा मीटरच्या आसपास जातो आणि पाण्याला ओढ असते. तेव्हा जहाज मुळीच हलणार नाही असे मी सांगत नाही.

खाण्याविषयी आपल्याकडे दोन टोके आहेत. काही पालक उलटी होऊ नये म्हणून मुलाला उपाशी पाठवतात. काही जण डबा भरून देतात आणि जानेवारी म्हटल्यावर कतारगामच्या पापडीचे उंधियू त्या डब्यात असणारच! मी स्वतः उंधियूची भक्त आहे, पण ते परतल्यावर खाऊ. उपाशी पोटी मळमळ वाढते आणि तेलकट, मसालेदार जेवणानेही वाढते. निघण्यापूर्वी दीड-दोन तास आधी पोळी, इडली किंवा साधी खिचडी, बरोबर बिस्किटे, कुरमुरे आणि पाणी, एवढे पुरे. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक जरूर द्या. काहींना उपयोग होतो, अपाय नाही. लिंबू हुंगण्याबद्दलही माझी तक्रार नाही, मुलाला धीर येत असेल तर खिशात असू द्या.

औषधाची गोष्ट मात्र वेगळी. अवोमीनसारखी गोळी मळमळ सुरू होण्यापूर्वी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकतच नाही. जहाजावर चढताना गोळी वाटण्याची सूचना म्हणूनच चुकीची आहे. शिवाय कतारगामहून हजिऱ्यापर्यंत बसचा प्रवास आहे, आणि ज्याला कोंडाईबारीच्या घाटात गाडी लागते त्याला त्या बसमध्येच सुरुवात होईल. म्हणजे गोळी घरूनच घ्यावी लागेल. या गोळ्यांनी झोप येते आणि मात्रा वयावर व वजनावर ठरते. म्हणून कोणत्या मुलाला द्यायची, किती द्यायची, हे आपल्या डॉक्टरांनी ठरवावे. शाळा कोणालाही सरसकट गोळी देणार नाही. एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते : पोट बिघडल्यावर मुलांना उलटी थांबण्यासाठी देतात ते ऑन्डॅन्सेट्रॉनचे सिरप बोट लागण्यावर फारसे काम करत नाही. घरात उरलेली बाटली पाठवू नका.

18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटून बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका गेल्या. त्यानंतर पालक लाइफ जॅकेटविषयी विचारतात ते योग्यच आहे, विचारलेच पाहिजे. त्यात मी एक भर घालते. जीव घाबरा झाला की मूल अंगावरचे जॅकेट सैल करते आणि उलटीसाठी कठड्याकडे धावते. धोका तेथे आहे. म्हणून प्रत्येक मुलाजवळ दोन पिशव्या असतील, उलटी जागेवर बसूनच पिशवीत होईल, आणि कठड्यापाशी कोणीही एकटे जाणार नाही. दर दहा मुलांमागे एक शिक्षक राहील. आपण सांगितलेले नसेल तर कोणत्या मुलाकडे लक्ष ठेवायचे हे त्या शिक्षकाला कळणार कसे? फजिती होईल म्हणून लपवणारे पालक आणि नाव कमी करा म्हणणारे पालक, दोघेही शिक्षकाला अंधारातच ठेवतात.

वर्गशिक्षकांना मी सांगितले आहे की उलटी झालेल्या मुलाला हसणाऱ्याने त्याच्याजवळ बसून पाण्याची बाटली धरायची. ही शिक्षा नाही, पण दुसऱ्याची पिशवी धरल्यावर सहसा कोणी नावे पाडत नाही.

संमतीपत्रकात यावेळी एक नवीन रकाना आहे : 'बस, जीप किंवा घाटात त्रास होतो का? शेवटचा कधी झाला? डॉक्टरांनी काय सांगितले?' तो भरून द्यावा. त्या अकरा चिठ्ठ्या मी परत पाठवत आहे, प्रत्येकीसोबत कोरे संमतीपत्रक जोडून. शंका असल्यास शाळा सुटल्यावर मी कार्यालयात असते, आई किंवा बाबा कोणीही यावे. मुलालाही बरोबर आणलेत तर अधिक बरे, कारण त्याला जायचे आहे की नाही हे मला त्याच्याच तोंडून ऐकायचे आहे.

आपली,
मुख्याध्यापिका