कालवडीचे विज्ञान आणि लेकीचा जन्म

गाय भरवताना कालवडच व्हावी असे वाटणाऱ्या पशुपालकाला आता लिंगविनिश्चित वीर्यमात्रा मिळते. वळूच्या वीर्यात दोन प्रकारचे शुक्राणू असतात, एक्स गुणसूत्राचे आणि वाय गुणसूत्राचे. एक्स शुक्राणूत डीएनए सुमारे चार टक्के जास्त असतो. तेवढ्या फरकावर यंत्र त्यांना वेगळे करते आणि अशा मात्रेतून दहापैकी साधारण नऊ वेळा कालवड होते. यात गाईमध्ये काहीच बदललेले नसते. म्हणजे वासराचे लिंग वळूकडून ठरते, हे ही मात्रा घेणारा प्रत्येक जण पैसे मोजून मान्य करत असतो. तरीही दुसरी मुलगी झाली की बोल सुनेलाच लागतो. गोठ्यात पटलेले विज्ञान माजघरात पोहोचत नाही. ते तिथवर नेऊ शकणारी व्यक्ती म्हणजे नववी-दहावीला विज्ञान शिकवणारे शिक्षक. आनुवंशिकतेचा पाठ गोठ्यातून सुरू करून घरापर्यंत नेण्याचे प्रशिक्षण आणि मोकळीक त्यांना मिळाली पाहिजे.

पाठ्यपुस्तकात विषय नाही, अशी तक्रार करता येणार नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनची सुरुवातच ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या पाठाने होते. अडचण शिकवण्याच्या रीतीत आहे. मुले संकराचा तक्ता बिनचूक भरतात, पण बीजपेशी तयार होताना गुणसूत्रे वेगळी कशी होतात हे त्यांना उमगलेले नसते, असे विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासकांनी अनेक वर्षांपूर्वीच नोंदवले आहे. मेंडेलने मोजलेले 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले वाटाणे पुस्तकात राहतात. अहिल्यानगरच्या मुलांना त्याहून जवळचे उदाहरण आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी ही संकरित गाय तीन जातींची आहे. गीर आणि जर्सीच्या संकरातून झालेल्या कालवडीला होल्स्टीन वळूचे वीर्य दिले, की वासरात निम्मा वाटा होल्स्टीनचा, पाव जर्सीचा आणि पाव गीरचा येतो. होल्स्टीनचा निम्मा वाटा पक्का असतो. आईकडून येणाऱ्या निम्म्यात मात्र जर्सी किती आणि गीर किती, हे वासरागणिक थोडे बदलते, कारण प्रत्येक बीजांडात गुणसूत्रांची वाटणी नव्याने होते. सख्ख्या कालवडी रंगाला आणि दुधाला सारख्या का निघत नाहीत, हे यावरून समजलेले मूल तक्ता पाठ करणार नाही, तो स्वतः मांडेल.

इथून माणसापर्यंत एकच पाऊल उरते आणि ते टाळण्याची चैन या जिल्ह्याला परवडणारी नाही. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात राज्यात दर हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या. अहिल्यानगर जिल्ह्यात हा आकडा 850 च्या आसपास होता. शुक्राणूवरून लिंग ठरते, हे अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेने 1905 मध्येच एका भुंग्याच्या अभ्यासातून दाखवले होते. एवढे जुने ज्ञान वहीत लिहिले जाते आणि तिथेच थांबते.

यावर पहिला आक्षेप असा, की कालवडीसाठी वीर्य निवडता येते हे सांगितले तर माणसातही तसे करण्याची इच्छा जागेल. पण ही माहिती गावात आधीच आहे. शाळा गप्प राहिली तर ती अर्धवट स्वरूपात पसरेल. उलट, 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात 2003 पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही निषिद्ध आहे, आणि जनावराची निवड व लेकराची निवड यांत नैतिक भेद आहे, हे शिक्षकानेच स्पष्ट सांगायला हवे. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: मुलाचा हट्ट जमीन, हुंडा आणि वंशाच्या कल्पनांतून येतो, तो गुणसूत्रांनी सुटणार नाही. हे खरेच आहे. एका पाठाने हुंडा थांबणार नाही. पण ‘तिच्याच पोटी मुली होतात’ हा आरोप निसर्गाच्या नावाने केला जातो, आणि निसर्गाचा तो खोटा आधार काढून घेणे विज्ञानाच्या शिक्षकाच्या हातात आहे. हे करताना दोष नुसता नवऱ्याच्या माथी सरकवला जाऊ नये. कोणता शुक्राणू आधी पोहोचेल हे त्याच्याही इच्छेवर नसते. कोंबडीत पिल्लाचे लिंग मादीकडून ठरते, हे शेजारी ठेवून दाखवले की यात मानापमानाचा प्रश्नच नाही, हे मुलांना दिसते.

अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, शिक्षकांना पशुसंवर्धन येत नाही, असेही म्हटले जाईल. इथे नवा पाठ मागितलेला नाही, आहे त्याच पाठातली उदाहरणे बदलायची आहेत. जाणकारही जिल्ह्यातच आहेत. राहुरीचे विद्यापीठ, बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रे शेतकऱ्यांना प्रशिक्षण देतातच. वर्षातून दोन दिवस त्यांनी विज्ञान शिक्षकांसाठी राखून ठेवावेत आणि त्यात एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना बोलवावे. ग्रामीण शिक्षकांसोबत असे काम होऊ शकते, हे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या प्रकल्पात दाखवून दिले आहे. परीक्षेतला प्रश्नही बदलावा. ‘लिंगनिश्चितीची आकृती काढा’ याऐवजी विचारावे: एका जोडप्याला तीन मुली आहेत, चौथ्या वेळी मुलगी होण्याची शक्यता किती आणि याला जबाबदार कोण? पहिल्या तीन मुलींचा हिशेब न धरता जो विद्यार्थी ‘जवळपास निम्मी’ आणि ‘कोणीही नाही’ असे सकारण लिहील, त्याला आनुवंशिकता समजली.