पहारा भाड्याचा, किल्ली परक्याची

भिवंडीतील छोट्या यंत्रमागधारकाची स्थिती एका वाक्यात सांगता येते: माग त्याचा, सूत दुसऱ्याचे आणि बाजार तिसऱ्याचा. व्यापाऱ्याने दिलेल्या सुताचे मजुरीवर कापड विणून देणारा हा माणूस कागदोपत्री मालक असतो. पण भाव ठरवताना त्याला कोणी विचारीत नाही, आणि मंदी आली की तिचा भार त्याच्या व त्याच्या मागावर राबणाऱ्या उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातील कामगाराच्या माथी येतो. मालकी आणि सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा या गावाने पिढ्यान्‌पिढ्या गिरवला आहे. आता तोच धडा एका नव्या क्षेत्रात पुन्हा गिरवण्याची वेळ आली असून समाजवादी चळवळीचे त्याकडे अद्याप लक्ष गेलेले नाही.

हे क्षेत्र म्हणजे व्यावसायिक संकेतस्थळांचे संरक्षण. संगणकाच्या भानगडीत कामगारांच्या चळवळीने कशाला पडावे, असे काही जुने कार्यकर्ते विचारतील. त्यांनी काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली या पट्ट्यातून एक फेरी मारावी. जेथे भाताची खाचरे होती तेथे आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. कोणता खोका कोणत्या गाडीत चढवायचा, हे तेथे संगणकाच्या पडद्यावर ठरते. छोटा कापडव्यापारी आपले नमुने संकेतस्थळावर मांडतो, वाहतूकदार गाडीची मागणी तेथेच घेतो, पतपेढी कर्जाचे अर्ज तेथेच स्वीकारते. असे संकेतस्थळ दोन दिवस बंद पडले तर बड्या कंपनीचा दोन दिवसांचा नफा बुडतो. छोट्याचे गिऱ्हाईक कायमचे तुटते, माग थांबतो, आणि विणलेल्या मीटरवर मजुरी मिळणाऱ्या कामगाराच्या घरी चूल पेटत नाही. म्हणून हा प्रश्न कामगारांचाही आहे.

संकेतस्थळावर हल्ला करणारा बहुधा माणूस नसतोच. ती स्वयंचलित आज्ञावली असते आणि ती लहान-थोर पाहत नाही. ग्राहकाने जेथे आपले नाव लिहावे त्या चौकटीत ती माहितीसाठ्याला द्यावयाचा हुकूम लिहिते, आणि बेसावध संकेतस्थळ तो हुकूम मुकाट्याने पाळून सगळ्या ग्राहकांची यादी बाहेर ओतते. कधी पानात विषारी संकेत पेरला जातो. तो पुढे येणाऱ्या निरपराध ग्राहकाच्या यंत्रावर चालतो. कधी हजारो यंत्रांवरून एकाच वेळी खोट्या मागण्यांचा लोंढा सोडला जातो आणि खरा ग्राहक दाराबाहेर ताटकळतो.

यावर बाजारात मिळणारा उपाय म्हणजे क्लाउडवरची वेब अ‍ॅप्लिकेशन फायरवॉल. तिची रीत सोपी आहे. संकेतस्थळाच्या नावापुढचा पत्ता बदलून तो पहारेदार कंपनीच्या यंत्रांकडे वळवला जातो. ग्राहकाची प्रत्येक मागणी प्रथम त्या देवडीवर पोहोचते. तेथे तिचे सीलबंद पाकीट फोडले जाते, मजकूर हल्ल्यांच्या ज्ञात नमुन्यांशी ताडून पाहिला जातो, आणि निर्धोक ठरला तरच तो पुन्हा बंद करून मूळ संकेतस्थळाकडे धाडला जातो. व्यापाऱ्याला नवे यंत्र घ्यावे लागत नाही, तज्ज्ञ नेमावा लागत नाही. महिन्याचे भाडे भरले की काम भागते.

या उपायाची टवाळी करणे शहाणपणाचे नाही. मागण्यांचा लोंढा थोपवण्यास प्रचंड क्षमतेचे जाळे लागते, आणि भिवंडीच्या एखाद्या गाळ्यात ठेवलेल्या यंत्राला ते कालत्रयी शक्य नाही. नवी उणीव जगजाहीर झाली की तिच्यावरचा नियम असा पहारेदार काही तासांत सर्वत्र लागू करू शकतो. एकट्या दुकानदाराला त्याचा पत्ताही नसतो. पहारा हवाच. वाद आहे तो पहारेकरी कोणाचा चाकर, आणि किल्ली कोणाच्या कमरेला, याविषयी.

पहिला मुद्दा असा की, हा पहारेकरी सर्व काही पाहतो. पाकीट फोडल्यावाचून त्याला तपासणी करताच येत नाही. परिणामी कोणत्या व्यापाऱ्याने किती तागे कोणत्या भावाने मागवले, कोणाचा कर्जाचा अर्ज आला, हे सारे त्याच्या देवडीवर उघडे होते. देवडीच कच्ची असेल तर काय घडते, तेही जगाने पाहिले आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेच्या तेथील सुमारे १० कोटी ग्राहकांची व अर्जदारांची माहिती चोरीस गेली. चोर आत शिरला तो चुकीच्या रीतीने मांडलेल्या फायरवॉलच्याच भोकातून. कुंपणानेच शेत खाल्ले.

दुसरा मुद्दा असा की, जगाचा पहारा मूठभर कंपन्यांच्या हाती गेला आहे. त्यांतील एक अडखळली की जग अडखळते. क्लाउडफ्लेअर या अमेरिकी कंपनीच्या फायरवॉलमधील एका सदोष नियमाने २ जुलै २०१९ रोजी तिची जगभरची यंत्रे सुमारे अर्धा तास गुदमरली. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच कंपनीच्या एका अंतर्गत फायलीचा आकार अचानक वाढल्याने असंख्य संकेतस्थळे बंद पडली. त्याच वर्षी ५ डिसेंबरला, एका नव्या उणिवेवर उपाय म्हणून फायरवॉलच्या तपासणीत केलेला बदलच उलटला, आणि सुमारे २५ मिनिटे झालेल्या गोंधळात भारतीय शेअरबाजार चालू असताना झिरोधा, ग्रो यांसारख्या दलाली मंचांचे व्यवहार अडकले. शेअर दलालांची गैरसोय वर्तमानपत्रांत छापून येते. त्याच जाळ्यामागे बसलेल्या छोट्या दुकानदाराच्या गैरसोयीची नोंद कोण घेतो?

तिसरा आणि सर्वांत गंभीर मुद्दा सार्वभौमत्वाचा आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातेतील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जीवर निर्बंध घातले, आणि लागलीच मायक्रोसॉफ्टने तिच्या संगणकीय सेवा थांबवल्या. भारतीय कायद्याने नायराचा कोणताही अपराध ठरलेला नव्हता. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर सेवा पूर्ववत झाल्या. नायरापाशी वकिलांची फौज होती. भिवंडीच्या व्यापाऱ्याचा पहारा असाच एका सकाळी उठवला गेला तर तो कोणाच्या दारात उभा राहणार?

मध्यस्थाच्या हाती देवडी देण्याचा अनुभव भिवंडीला नवा नाही. महावितरणने जानेवारी २००७ पासून येथील वीजवितरण फ्रँचायझी पद्धतीने टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे सोपवले. वीजगळती घटली, हे नाकारण्याचे कारण नाही. तसेच मीटर आणि बिले यांवरून मोर्चे निघाले, हेही विसरता येत नाही. परंतु तेथे निदान राज्याचा वीज नियामक आयोग आहे आणि मोर्चा नेण्यास गावात कचेरी आहे. संकेतस्थळाच्या पहारेकऱ्याला दर ठरवून देणारा आयोग नाही, आणि त्याची कचेरी सातासमुद्रापलीकडे. शिवाय येथेही वर्गभेद आहेच. धनवानाला पूर्ण नियमावली आणि मध्यरात्री फोन उचलणारा तज्ज्ञ मिळतो. अल्प भाड्यात वा फुकटात येणाऱ्याला नियमांचा जुजबी संच आणि यंत्राचे ठरावीक उत्तर. सुरक्षितताही ऐपतीप्रमाणे वाटली जावी, हे तत्त्व समाजवाद्यांना मान्य होऊ शकत नाही.

सरकार या प्रसंगी काय करते? हुकूम सोडते. एप्रिल २०२२ च्या आदेशाने हल्ल्याची वर्दी सहा तासांत देण्याचे आणि नोंदी १८० दिवस जपण्याचे बंधन घालण्यात आले. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बंधने योग्यच आहेत. पण कर्तव्य सर्वांवर लादायचे आणि साधन मात्र बाजारातून विकत आणा म्हणायचे, याचा अर्थ लहानाला परक्या देवडीकडे ढकलणे असाच होतो.

या देशाने याहून वेगळा मार्गही एकदा धरला होता. परकीय भागभांडवल घटवण्याची अट आय.बी.एम.ने नाकारली, तेव्हा जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ मध्ये त्या कंपनीने भारत सोडला. देशातील संगणक बंद पडतील अशी ओरड तेव्हा झाली. ते बंद पडले नाहीत, सी.एम.सी. या सरकारी कंपनीने त्यांची देखभाल अंगावर घेतली आणि देशी तंत्रज्ञांची एक पिढी घडवली. पुढचा अध्याय कटू आहे. फर्नांडिस ज्या आघाडीचे निमंत्रक होते, तिच्याच सरकारने २००१ मध्ये ही कंपनी टाटांना विकली. समाजवाद्यांनी दुसऱ्यांकडे बोट दाखवताना हे पानही वाचावे.

मग पर्याय कोणता? परदेशी वस्तूंची होळी करून संकेतस्थळे उघडी टाकणे हा पर्याय नव्हे. अशा फायरवॉलची आज्ञावली कोणा एकाची मक्तेदारी नाही. मॉडसिक्युरिटी ही मुक्त आज्ञावली २००२ पासून उपलब्ध आहे. तिच्यासोबत वापरावयाचा नियमसंच जगभरचे तज्ज्ञ सामायिकपणे जोपासतात, आणि तो कोणीही विनामूल्य घेऊ शकतो. उणीव आहे ती हे साधन राबवणाऱ्या, रोज नोंदी तपासणाऱ्या आणि नियम स्थानिक गरजेप्रमाणे घासूनपुसून घेणाऱ्या माणसांची. याच नियमसंचाच्या कठोर पातळ्यांवर इंग्रजी वर्णमालेबाहेरचे अक्षरही संशयास्पद ठरते. म्हणजे मराठीत वा उर्दूत पत्ता लिहिणारा भिवंडीकर ग्राहक चोर ठरून दाराबाहेर राहू शकतो. गल्लीची भाषा न जाणणारा पहारेकरी चोर आणि शेजारी यांत फरक करणार कसा?

याचे उत्तर भिवंडीनेच एकदा दिले आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. ज्यांचे रक्षण करावयाचे त्यांनाच पहाऱ्यात भागीदार करून घेतले, हे त्या यशाचे मर्म. यंत्रमागधारक, छोटे व्यापारी, वाहतूकदार आणि पतसंस्था यांनी सहकारी संघ स्थापून सामायिक फायरवॉल चालवावी; नियम, नोंदी आणि किल्ल्या संघाच्या ताब्यात असाव्यात; भिवंडीतील सुशिक्षित बेकार तरुणांना ते काम शिकवावे. लोंढा थोपवण्यास लागणारी अफाट क्षमता मात्र कोणत्याही संघाच्या आवाक्याबाहेरची आहे. ती राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र आणि पुण्याचे सी-डॅक यांसारख्या सार्वजनिक संस्थांनी रास्त दरात पुरवावी.

सहकार म्हणजे भ्रष्टाचार, असे यावर म्हटले जाईल. महाराष्ट्रातील साखरसम्राट पाहिलेल्यांना हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. एकत्र येण्यातही धोका असतो. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या एकाच सेवादार कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला, तेव्हा सुमारे ३०० लहान बँकांचे देणेघेणे खबरदारी म्हणून जाळ्यातून तोडावे लागले होते. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी रुपये लुटले गेले, तेही एटीएमच्या व्यवहारयंत्रणेत शिरून. संकेतस्थळासमोरची भिंत तेथे निरुपयोगी होती. म्हणून संघाचे हिशेब व नोंदी यांची बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी, एक यंत्रणा पडल्यास दुसरी उभी राहील अशी तजवीज, आणि सभासदांना सांकेतिक शब्द कसा जपावा इथपासूनचे शिक्षण या अटी प्रथमपासून हव्यात. परंतु चूक झाल्यास सभेत उभे राहून जाब विचारता येतो, संचालकाला पाडता येते, हा सहकाराचा गुण परक्या कंपनीच्या भाडेकराराला कधीच येणार नाही. नागरी सहकारी बँकांना तंत्रज्ञानाचे सामायिक साह्य देण्यासाठी २०२४ मध्ये केंद्रीय शिखर संस्था उभी राहिली. बँकांना जे उचित, ते मागधारकांना अनुचित का?

कार्यकर्त्यांनी प्रथम आपल्या भागातील पतसंस्था, ग्राहक भांडारे आणि कामगार संघटना यांना तीन प्रश्न विचारावेत: तुमच्या संकेतस्थळाचा पहारा कोणाकडे आहे, नोंदी कोणाच्या ताब्यात राहतात, आणि करार तुटल्यास दुसऱ्या दिवशी काय? बहुतेक ठिकाणी कोणालाच उत्तर देता येणार नाही. त्या मौनातूनच संघटनेचे काम सुरू होईल. महापालिकेने आणि राज्य सरकारने सामायिक यंत्रणेस जागा व आरंभीचे भांडवल द्यावे, ही मागणी त्यानंतर सभेसभेतून मांडावी. सूत परक्याचे झाले, बाजार परक्याचा झाला; आता दाराची किल्लीही परक्याकडे जात असताना भिवंडीने स्वस्थ बसावे काय?