झोताचा जमाखर्च

उदासीन कणांच्या झोताने प्लाझ्मा तापविण्याच्या योजनेचा आराखडा आमच्याकडे अभिप्रायार्थ येतो, तेव्हा प्लाझ्मापर्यंत किती मेगावॅट शक्ती पोहोचणार हे त्याच्या पहिल्याच पृष्ठावर ठळकपणे नमूद असते, आणि जी वाटेतच खर्ची पडणार तिचा तपशील मात्र कोठेतरी परिशिष्टात दडलेला असतो. हा क्रम उलटावा, अशी आमची व्यवसायबंधूंस विनंती आहे.

फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या 'इटर' या संमीलन-अणुभट्टीचेच उदाहरण घ्या. तेथील प्रत्येक झोतयंत्रात ड्यूटेरियमच्या ऋण आयनांचा 40 अँपिअरचा प्रवाह 10 लाख व्होल्टांतून धावावयाचा आहे. म्हणजे जमेस 40 मेगावॅट, आणि प्लाझ्माच्या पदरात साडेसोळा. एवढ्या ऊर्जेस धन आयन जवळजवळ उदासीन होतच नाहीत, म्हणून ऋण आयनांची कास धरावी लागते. त्यांवरील जादा इलेक्ट्रॉन अवघ्या पाऊण इलेक्ट्रॉन-व्होल्टाने बांधलेला असल्यामुळे वायूने भरलेल्या कक्षातून जाताना तो सहज गळतो, आणि शेकडा साठाच्या आसपास कण उदासीन होतात. परंतु हाच सैलपणा अंगाशीही येतो. कक्ष गाठण्यापूर्वीच, त्वरकाच्या जाळ्यांमध्ये रेंगाळणाऱ्या वायूशी टक्कर होऊन तो इलेक्ट्रॉन गळाला, तर तो पुढच्या जाळीवर आदळून तिला तापवितो, आणि अर्धवट वेगाचा अणू हिशेबातून बाद होतो. एका दालनात वायू हवा, लगतच्या दालनात मुळीच नको, हा आमच्या धंद्यातला जुनाच तंटा!

इटलीतील पादुआ येथे 2018 साली सुरू झालेल्या 'स्पायडर' या चाचणीयंत्राने या वायूची आणखी एक खोड दाखविली. तेथील जाळीस 1280 छिद्रे आहेत. आयनांच्या वाटेने वायूही बाहेर पडे, आयनस्रोताभोवतीच्या निर्वात टाकीतला दाब चढे, आणि रेडिओ-लहरींच्या वेटोळ्यांपाशी नको तेथे विद्युत्स्फुल्लिंगे उडत. अखेर जाळीवर मुखवटा चढवून सुरुवातीचे प्रयोग अवघ्या 80 छिद्रांवर भागवावे लागले. कोणास ही नामुष्की वाटेल. आम्हांस मात्र बाराशे छिद्रे बुजविण्याचा तो निर्णय त्या वर्षांतील अनेक विक्रमांहून अधिक शिकविणारा वाटतो.

'इटर'चा हायड्रोजनचा निदान-झोत गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे सोपविलेला आहे. तो 100 किलोव्होल्टांचा असला, तरी वायूचा हा हिशेब त्यासही चुकत नाही.

सबब, यापुढे आमच्याकडे येणाऱ्या निबंधांत तोट्याचे कोष्टक पहिल्या पृष्ठावर असावे. नसल्यास निबंध पूर्ततेसाठी परत पाठविला जाईल.