हरणाऱ्या संघाचा कारभारी

नवा हंगाम तोंडावर आला की कोणत्याही संघाविषयी पहिला सवाल होतो तो, यंदा किती सामने जिंकणार. आणि ज्या संघाने आपले नामांकित पण थकलेले खेळाडू निरोप देऊन मोकळे केले आहेत, ज्याच्या पटावर मिसरूडही नीट न फुटलेल्या पोरांचीच नावे अधिक आहेत, त्यालाही हाच सवाल केला जावा, यातून विचारणाऱ्याच्या उतावळेपणाखेरीज दुसरे काही सिद्ध होत नाही. हा विचार सुचण्यास निमित्त झाला तो गोंदियातील आमच्या शेजारचा एक पदवीधर तरुण. नोकरीच्या अर्जांतून उरलेल्या वेळात तो संगणकावर बेसबॉलचा एक कल्पित संघ चालवतो. बेसबॉलची बॅट त्याने उभ्या जन्मात हातात धरलेली नाही. गेल्या हंगामात त्याचा संघ तळाला होता, यंदाही तळाच्या आसपासच राहील असे तो स्वतःच सांगतो, आणि हे सांगताना त्याच्या मुद्रेवर खेदाऐवजी संस्थानाची घडी नीट बसवीत असलेल्या दिवाणाचे समाधान असते.

या आभासी स्पर्धांचा व्यवहार वरवर वाटतो तितका पोरकट नाही. हॅल रिचमन या अमेरिकन गृहस्थाने १९६१ मध्ये ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ नावाचा खेळ बाजारात आणला. त्यात प्रत्येक खऱ्या खेळाडूच्या नावाचा एक पत्ता असे, त्या पत्त्यावरचे आकडे त्याच्या प्रत्यक्ष कामगिरीवरून बेतलेले असत, आणि फासे टाकून सामन्याचा निकाल लावला जाई. पुढे फाशांचे काम संगणकाने पत्करले. २०२० मध्ये महामारीमुळे खरी मैदाने ओस पडली, तेव्हा अमेरिकेतील बेसबॉलवेड्या मंडळींनी असल्या कल्पित सामन्यांच्या निकालांवरच कित्येक आठवडे काढले. आपल्याकडे वर्गात बाकाखाली पुस्तक धरून, उघडेल त्या पानाच्या शेवटच्या अंकाइतक्या धावा मोजण्याचा आणि शून्य आले की गडी बाद ठरवण्याचा जो ‘बुक क्रिकेट’चा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तो याच कुळातला. परंतु आपल्या त्या खेळाला भविष्यकाळ नव्हता. तासाची घंटा झाली की संघ बरखास्त. उलट या बेसबॉलमध्ये आज घेतलेला अठरा वर्षांचा पोरगा सहा हंगामांनी भरात येतो, पुढे त्याचा खांदा दुखू लागतो, आणि एक दिवस तो निवृत्तही होतो. संघाला स्मृती असते, आणि म्हणूनच कारभाऱ्याला जबाबदारी असते.

आमच्या शेजाऱ्याच्या संघाचे यंदाचे भाकीत करावयाचे तर ते असे करता येईल. आपला सर्वोत्तम पिचर त्याने ऐन भरात असतानाच परक्या संघाला देऊन टाकला आणि मोबदल्यात दोन अननुभवी मुले घेतली. शॉर्टस्टॉपच्या मोक्याच्या जागी तो एका एकोणीस वर्षांच्या मुलाला हंगामभर, चुका मोजून घेत पण हलवीत नाही अशा निश्चयाने, उभा करणार आहे. या संघाचे क्षेत्ररक्षण केविलवाणे होईल, आणि पहिल्या दोन महिन्यांत गुणतक्त्याकडे न पाहिलेलेच बरे. पण हंगामाच्या अखेरीस त्या मुलाच्या चुका निम्म्यावर आल्या, तर तळाचा क्रमांक पत्करूनही वर्ष सत्कारणी लागले असे मी म्हणेन. रोवणीच्या आठवड्यात बांधीत उतरून दाण्यांचा हिशेब मागणारा मनुष्य आमच्या धानाच्या मुलखात वेडा ठरतो. क्रीडांगणाबाहेर मात्र त्यालाच तज्ज्ञ म्हणतात.

खऱ्या बेसबॉलमध्ये या धीराला एक वाईट वळणही लागले, ते सांगितले पाहिजे. तेथील रिवाजानुसार गतहंगामातील सर्वांत दुबळ्या संघाला नवोदितांच्या निवडीत पहिला मान मिळे. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज या संघाने २०११ पासून तीन हंगामांत अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने गमावले, आणि ओळीने तीन वर्षे पहिली निवड पदरात पाडून घेतली. त्या तिघांपैकी कार्लोस कोरेया तेवढा संघाच्या कामी आला. दुसरा ह्यूस्टनकडून मुख्य स्पर्धेत कधी खेळलाच नाही, तिसऱ्याशी करारच झाला नाही. तरीही २०१७ मध्ये हा संघ विजेता ठरला. पुढे प्रतिपक्षाच्या खाणाखुणा कॅमेऱ्याने चोरल्याचे उघडकीस येऊन त्याची अब्रूही गेली. पराभवाला इनाम दिले की पराभवाचीच लागवड होते हे ओळखून तेथील व्यवस्थापकांनी २०२३ च्या निवडीपासून पहिल्या काही जागांसाठी सोडत सुरू केली. धीर आणि लबाडी यांच्यातली सरहद्द किती पुसट असते, याचा हा उत्तम दाखला आहे.

या सर्वांहून मला आपल्या विदर्भाचे उदाहरण अधिक मोलाचे वाटते, कारण येथे हरण्याबद्दल कोणी कधी छदाम दिला नाही. १९५७-५८ मध्ये रणजी करंडकाच्या मैदानात उतरलेल्या या संघाने पुढची साठ वर्षे अंतिम सामन्याचे दर्शनही घेतले नाही. मग खापरखेड्याच्या बाजूच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव भारताकडून कसोटी खेळला; कर्नाटकाचा गणेश सतीश आणि मुंबईचा वसीम जाफर हे पाहुणे म्हणून आले आणि घरच्यासारखे राबले; २०१७ मध्ये चंद्रकांत पंडितांनी प्रशिक्षकपदाची सूत्रे घेतली. त्या हंगामात कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या पाच धावांनी मिळवलेला विजय ज्यांनी श्वास रोखून ऐकला, त्यांना रजनीश गुरबानी या अभियांत्रिकीच्या पदवीधराचे नाव सांगावे लागत नाही. इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याने दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली, अक्षय वाडकरने शतक ठोकले, आणि १ जानेवारी २०१८ रोजी फैज फझलच्या संघाने आपल्या पहिल्याच अंतिम सामन्यात करंडक जिंकला. पुढच्या वर्षी जामठ्याला सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून तो राखलाही.

परंतु माझ्या मते खरी परीक्षा झाली ती त्यानंतर. जाफर निवृत्त झाला, पंडित गेले, आणि संघ पुन्हा मधल्या फळीत रेंगाळू लागला. त्या काळात संघाची मोडतोड झाली नाही, हे आपल्या प्रांताच्या स्वभावाला फारसे शोभणारे नसले तरी सत्य आहे. २०२३-२४ मध्ये हा संघ वानखेडेवर मुंबईकडून १६९ धावांनी अंतिम सामना हरला. पुढच्याच हंगामात उपांत्य सामन्यात त्याच मुंबईला नमवून, आणि अंतिम सामन्यात केरळवर पहिल्या डावातील ३७ धावांची आघाडी घेऊन, त्याने तिसऱ्यांदा करंडक आणला. तेव्हा कर्णधार होता तोच वाडकर. अंतिम सामन्यात १५३ धावा करणारा दानिश मालेवार पहिलाच हंगाम खेळत होता. आणि हर्ष दुबेने हंगामात ६९ बळी घेऊन रणजीतला नवा विक्रम नोंदवला होता. त्यानंतर विदर्भाकडे पाहुणा म्हणून आलेला करुण नायर आपल्या कर्नाटकाकडे परतला, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. मला ती अनाठायी वाटली. पाहुण्याची खुर्ची रिकामी झाली म्हणजे घरच्या मुलाला बसायला जागा होते.

आता आपल्या तरुणांच्या हाती गेली काही वर्षे जो आभासी खेळ होता, त्याच्याशी या धीराची तुलना करावी. तेथे संघ संध्याकाळी जन्मास येई आणि मध्यरात्री मरे. त्याला ना काल होता ना उद्या, होते ते केवळ लावलेले पैसे. २०२३ च्या जुलैत नागपूर पोलिसांनी गोंदियातील एका घरावर छापा घातला आणि ऑनलाइन खेळाच्या आमिषाने एका व्यापाऱ्याला ५८ कोटी रुपयांना बुडवल्याच्या आरोपामुळे आपल्या शहराचे नाव देशभर गाजले, तेव्हा शरमेने मान खाली घालणाऱ्यांत मीही होतो. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने पैशांवरचे असे ऑनलाइन खेळ मना केले, हे योग्यच झाले. पण मनाईहुकमाने सवय सुटते, आवड सुटत नाही. त्या आवडीला दुसरी वाट काढून देणे हे समाजाचे काम आहे.

म्हणून आपल्या जिल्ह्यातील शाळांना, वाचनालयांना आणि क्रीडा मंडळांना माझी विनंती आहे की त्यांनी रणजी हंगामाच्या प्रत्यक्ष धावफलकांवर आधारलेली एक कागदी स्पर्धा सुरू करावी. एक खतावणी, दोन फासे आणि वर्तमानपत्राचे क्रीडापान एवढे साहित्य तिला पुरते. तिरोड्याच्या, आमगावच्या किंवा देवरीच्या मुलांनी त्यात आपापले संघ घ्यावेत, आणि अट एकच असावी की घेतलेला संघ तीन हंगाम मोडता येणार नाही; जो कारभारी हरला, त्याने पुढच्या वर्षी त्याच खेळाडूंना घेऊन पुन्हा बसावे. प्रवेश फी मात्र कोणी ठेवू नये.