मनातला प्रश्न आणि तोंडचा प्रश्न

मंडळी, शेजाऱ्याकडे विळा मागायला गेलात, तर काय म्हणता? ‘‘दादा, जरा विळा पाहिजे होता.’’ विळा आत्ता हवा असतो, तरी आपण ‘होता’ म्हणतो. ‘विळा द्या’ हा हुकूम वाटतो. ‘होता’ म्हटले की समोरच्याला ‘आज नाही जमणार’ म्हणायला जागा राहते. ही रीत आपल्याला कुणी शाळेत शिकवलेली नाही.

इंग्रजीतही अशीच रीत आहे. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प मी’ हे वाक्य घ्या. कोशात ‘वंडर’ म्हणजे ‘आश्चर्य वाटणे’ असे पाहून मुले गोंधळतात. त्याचा दुसरा अर्थ आहे मनाशी विचार करणे. ‘आय वंडर इफ इट विल रेन’ म्हणजे ‘पाऊस येतो की नाही कोण जाणे’. हे स्वतःशीच बोलणे झाले. म्हणून त्यापुढे प्रश्नचिन्ह नसते, पूर्णविराम असतो. ‘आस्क’ म्हणजे मात्र दुसऱ्याला विचारणे. मनातले तेच बोल समोरच्याच्या कानावर घातले, की त्यांची नम्र विनंती होते. त्यातला ‘वॉज’ आपल्या ‘होता’चाच भाऊ.

कचेरीत गेल्यावर ‘गिव्ह मी द फॉर्म’ म्हणू नये. पुढे ‘प्लीज’ जोडले तरी हुकूम तो हुकूमच. ‘कुड आय हॅव द फॉर्म, प्लीज?’ असे विचारावे. ‘कॅन यू’ मित्राला चालते, अनोळखी माणसाला ‘कुड यू’ बरे.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. ‘व्हेअर इज द ऑफिस?’ हा सरळ प्रश्न. तोच अदबीने विचारताना ‘इज’ शेवटी जातो : ‘कुड यू टेल मी व्हेअर द ऑफिस इज?’ मराठीत ‘ऑफिस कुठे आहे?’ आणि ‘ऑफिस कुठे आहे ते सांगाल का?’ यांत शब्द जागचे हलत नाहीत, म्हणून आपली मुले इथे हमखास अडतात.

पण अदब म्हणजे आडून बोलणे नव्हे, बरं का! समजा, मुलीला शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि वसतिगृहाची फी कधीपर्यंत भरायची ते कळत नाही. तिने ‘आय वॉज वंडरिंग अबाउट द हॉस्टेल’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याला काय कळणार? तारीख निघून जाईल, खोली दुसऱ्याला मिळेल. तिने लिहावे : ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड टेल मी द लास्ट डेट फॉर द हॉस्टेल फी.’ वाक्य नम्र, आणि प्रश्न चोख.

आणि जिथे जिवाशी गाठ आहे, तिथे नम्रतेचे फुलोरे नकोत. साप चावला, औषध पोटात गेले, तर ‘हेल्प!’ एवढेच पुरे. फवारणीनंतर भाजी किती दिवसांनी तोडायची, हेही सरळ विचारावे आणि मराठीतच विचारावे. २००४ साली सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरवर, १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर, मराठीत उत्तर मिळते आणि फोनला पैसे पडत नाहीत.

आज जेवणे झाली की मुलांना जवळ बसवा. मनात अडकलेला एकेक प्रश्न त्यांना आधी मराठीत मांडू द्या, मग इंग्रजीत. पहिल्या दिवशी वाक्य अडखळले तरी हसू नका. ज्या पोराच्या प्रश्नाला घरात हसतात, ते बाहेर तोंड उघडत नाही.